‘हे माझे शरीर’ म्हणताना ‘माझे’ कोणाचे?

संपादकांनी शुक्रवारी पत्रांचा गठ्ठा घरी पोहोचवला, सोबत व्हॉट्सॲपवर आलेले प्रश्न कागदावर छापून. निम्मे प्रश्न नेहमीचेच: बाप्तिस्म्याला गॉडफादर म्हणून हिंदू मित्र चालेल का, कबरीच्या जागेवर हक्क कोणाचा, उपवासकाळात शुक्रवारी सुकी मासळी चालते का. (चालते. सोड्याची खिचडी वरपून उपवास झाला म्हणणाऱ्यांबद्दल पुन्हा कधीतरी लिहीन.) पण या वेळी पाच पत्रं एकाच खुंट्याला बांधलेली निघाली. डिसेंबरात वसईत गुरुदीक्षा, म्हणजे फादर होण्याचे विधी, झाल्या, बाहेरगावचे पाहुणे आले होते, त्यामुळे असेल. सगळ्यांचा प्रश्न एकच: फादर म्हणजे नेमका कोण?

मी १९७८ पासून कॅथलिक फादर आहे. आता निवृत्त आहे, गुडघे गेलेत, पण फादरपण गेलेलं नाही. म्हणून उत्तर मीच द्यावं असं संपादकांना वाटलं. लग्न म्हणजे काय हे नवरदेवाला विचारण्यातला हा प्रकार आहे, तरी प्रयत्न करतो.

डोंबिवलीचे एक वाचक लिहितात: मित्राच्या मुलाच्या दीक्षाविधीला वसईत आलो होतो. मुलगा वेदीपुढे पालथा पडला आणि वर बराच वेळ गाणं चाललं. मग बिशपांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवले, त्यांच्यामागून रांगेनं सगळ्या फादरांनी ठेवले, पण एकानंही तोंडातून शब्द काढला नाही. हे काय होतं? आणि तुमचा फादर म्हणजे आमचे गुरुजी, असंच समजायचं ना?

आधी दुसरा प्रश्न. तसं समजू नका. पण चूक तुमची नाही, आमच्या शब्दांची आहे. मराठीत या एका माणसाला आम्ही याजक, पुरोहित, धर्मगुरू, पाद्री आणि फादर अशी पाच नावं देऊन ठेवली आहेत आणि पाचांतलं एकही त्याच्या अंगाला नीट बसत नाही. पाद्री म्हणजे पोर्तुगीज ‘बाप’, फादर म्हणजे इंग्रजी ‘बाप’. धर्मगुरू म्हटलं की शिकवणारा डोळ्यांपुढे येतो. पुरोहित म्हटलं की यजमान हवा, दक्षिणा हवी, आणि बहुतेक वेळा बापाकडून मुलाकडे आलेली विद्या हवी.

गंमत अशी की नव्या कराराची, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या भागाची, ग्रीक भाषा इथे आमच्यापेक्षा काटेकोर आहे. तिथे ‘हिएरेउस’ हा शब्द आहे, म्हणजे वेदीवर बळी अर्पण करणारा याजक. तो यरुशलेमच्या मंदिरातल्या यहुदी याजकांना लावला आहे. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात तो येशूला लावला आहे. प्रकटीकरणाच्या पुस्तकात तो सगळ्या विश्वासणाऱ्यांना मिळून लावला आहे. पण मंडळीचा कारभार पाहणाऱ्या एकाही ख्रिस्ती माणसाला तो कुठेही लावलेला नाही. त्यांच्यासाठी वेगळे शब्द आहेत: एपिस्कोपोस म्हणजे देखरेख करणारा, प्रेस्बितेरोस म्हणजे वडीलधारा, दियाकोनोस म्हणजे सेवक. मराठी बायबलात अध्यक्ष, वडील आणि सेवक. इंग्रजीतला ‘प्रीस्ट’ हा शब्दसुद्धा मुळात प्रेस्बितेरोसचाच झिजलेला आकार आहे. म्हणजे आमच्या पदाचं मूळ नाव ‘वडील’. सव्विसाव्या वर्षी मी पहिल्या पॅरिशमध्ये (एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीत) गेलो तेव्हा ऐंशी वर्षांची म्हातारी मला ‘फादर, बसा’ म्हणायची आणि मला कानकोंडं व्हायचं. आता नव्या मुलांना तसं म्हणताना मी ऐकतो आणि मला हसू येतं.

मग याजक हा शब्द आम्हाला चिकटला कसा? यहुदी याजकपण जन्मानं मिळे. लेवीचं कूळ, त्यात अहरोनाचा वंश. वर्षातून एकदा प्रायश्चित्ताच्या दिवशी मुख्य याजक रक्त घेऊन पडद्याआड परमपवित्र स्थानात एकटा जाई. इसवी सन ७० मध्ये रोमनांनी मंदिर जाळलं आणि ते सगळं थांबलं. येशू या वंशातला नव्हता. तो यहूदाच्या कुळातला, हातानं सुतारकाम केलेला. मंदिराच्या नियमांनी त्याला याजक म्हणून आत पाऊल ठेवता आलं नसतं. तर इब्री पत्राचा लेखक एक जुना धागा काढतो. उत्पत्तीच्या चौदाव्या अध्यायात अब्राहाम लढाईहून परतताना त्याला शालेमचा राजा मलकीसदेक भेटतो. तो परात्पर देवाचा याजक आहे, भाकर आणि द्राक्षारस घेऊन येतो, आशीर्वाद देतो आणि गोष्टीतून नाहीसा होतो. आई नाही, बाप नाही, कुळी नाही. ११० व्या स्तोत्रात त्याच्यावरून ओळ आली: ‘मलकीसदेकाच्या संप्रदायाप्रमाणे तू युगानुयुग याजक आहेस.’ इब्री पत्र म्हणतं, येशूचं याजकपण हे असलं आहे. कुळातून आलेलं नाही, मुलाकडे जाणारं नाही. दुसऱ्याचा बळी घेऊन आत जाणारा याजक आणि बळी इथे, येशूच्या क्रुसावर, एकच झाला, आणि ते एकदाच झालं. पुन्हा करायचं उरलं नाही.

ख्रिस्ती याजकपणाची सगळी गाठ या ‘एकदाच’मध्ये आहे. बळी एकदाच झाला असेल तर वेदीवर मी रोज काय करतो? त्याची पुनरावृत्ती करत नाही. त्या एकाच अर्पणात आजची मंडळी आणली जाते, असं आमची शिकवण सांगते. आणि याजक एकच असेल तर मी कोण? तेराव्या शतकातले धर्मपंडित थॉमस अक्वायनस यांचं उत्तर कठोर आहे: खरा याजक फक्त ख्रिस्त, बाकीचे त्याचे सेवक. तर्तुल्यन आणि सिप्रियन या उत्तर आफ्रिकेतल्या ख्रिस्ती लेखकांच्या काळापासून, म्हणजे साधारण इसवी सन २०० पासून पुढे, बिशपांना आणि मग फादरांनाही याजक म्हणायची सवय पडत गेली. पण तो शब्द उसना आहे. हे विसरलं की सगळं बिघडतं, आणि आम्ही ते अनेकदा विसरलो आहोत.

मिस्सा म्हणजे आमची वेदीवरची उपासना. तिच्या मध्यावर मी भाकर हातात घेऊन येशूचे शेवटच्या भोजनातले शब्द म्हणतो, ‘हे माझे शरीर आहे.’ लहानपणी वेदीवर घंटी वाजवायचो तेव्हा हेच शब्द लॅटिनमध्ये पुटपुटलेले ऐकू यायचे, ‘होक एस्त एनिम कोर्पुस मेउम’, आणि आम्हा पोरांना तो मंत्र वाटायचा. मराठीत पहिल्यांदा स्वतः म्हणायची वेळ आली तेव्हा ‘माझे’पाशी माझा आवाज अडकला. कारण ते शरीर माझं नाही हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. पहिल्या बाकावर माझी आत्या बसली होती, तिनं मला न्हाऊमाखू घातलेलं. वाक्य मी बोलतो, ‘मी’ मात्र दुसराच. ‘ख्रिस्ताच्या ठायी उभं राहून’ असं याला ईशज्ञानात (थिऑलॉजीत) म्हणतात. ‘येशू म्हणाला, हे माझे शरीर’ अशी बातमी मी सांगत नाही, आणि स्वतःबद्दलही बोलत नाही. या दोहोंच्या मध्ये जी अवघड जागा उरते, तिथे फादर उभा असतो.

आता तुमचा पहिला प्रश्न. तुम्हाला तो साष्टांग नमस्कार वाटला असेल तर फार चुकलं नाही. वर चाललेलं गाणं म्हणजे संतांची नामावली. एकेका संताचं नाव घेऊन मंडळी म्हणते, ‘आम्हासाठी विनंती कर.’ उमेदवारानं त्या वेळी काहीच करायचं नसतं, नुसतं जमिनीवर पडून राहायचं. मला आठवतं ते एवढंच की लादी गार होती, आणि शेजारी पडलेल्या सोबत्याचं पोट गुरगुरत होतं, कारण आम्ही दोघंही सकाळपासून उपाशी होतो. हात ठेवताना कुणी बोलत नाही, कारण त्या घटकेला मौनच विहित आहे. प्रार्थना त्यानंतर येते, ती बिशप म्हणतात. पण हातांचा स्पर्श हीच मूळ खूण, प्रेषितांच्या काळापासूनची. माझ्या डोक्यावर किती हात पडले ते मोजले नाहीत. एका म्हाताऱ्या फादरांच्या बोटांना तपकिरीचा वास होता, तो मात्र अजून नाकात आहे. त्यांच्या डोक्यावर कुणीतरी हात ठेवले होते, त्या कुणाच्या डोक्यावर आणखी कुणी. हे पद वाचून किंवा परीक्षा देऊन मिळत नाही, हातातून हातात येतं. सेमिनरीतल्या, म्हणजे फादर घडवणाऱ्या विद्यालयातल्या, आठ-नऊ वर्षांत परीक्षा खूप होतात, हा भाग वेगळा.

नगरचे एक निवृत्त शिक्षक (अहिल्यानगर म्हणायची सवय अजून झालेली नाही, असं त्यांनीच लिहिलं आहे): आम्ही प्रॉटेस्टंट. पेत्राच्या पहिल्या पत्रात २:९ मध्ये सगळ्या विश्वासणाऱ्यांना ‘राजकीय याजकगण’ म्हटलं आहे. तीमथ्याला लिहिलेल्या पत्रात मध्यस्थ एकच, ख्रिस्त येशू, असं स्पष्ट आहे. मग मधे फादर कशाला? आमचे पाळकसाहेब उपदेश करतात, प्रभुभोजन देतात, पण ते आमच्याहून वेगळ्या जातीचे नाहीत.

गुरुजी, ‘वेगळ्या जातीचे’ हे तुम्ही नेमकं बोललात. त्याकडे येतो. आधी ‘राजकीय याजकगण’. एकदा तरुणांच्या शिबिरात मी हे वचन वाचायला दिलं आणि एका मुलानं प्रामाणिकपणे विचारलं, ‘फादर, म्हणजे निवडणुकीला उभे राहणारे का?’ मराठी बायबल झालं तेव्हा राजकीय म्हणजे राजाचा, राजघराण्यातला. आज राजकीय म्हणजे पक्षाचा. एवढं सुंदर वचन एका विशेषणापायी कुणाच्या ध्यानात राहत नाही.

वचनाचा अर्थ तुम्ही सांगता तोच आहे. सीनाय डोंगरापाशी देव सगळ्या इस्राएलाला म्हणाला होता, तुम्ही मला याजकराज्य व्हाल. पेत्र ते नाव बाप्तिस्मा घेतलेल्या सगळ्यांना देतो. १५२० मध्ये मार्टिन ल्यूथरनं यावर बोट ठेवून रोमला सुनावलं की बाप्तिस्म्याच्या पाण्यातून जो बाहेर आला तो याजक झालाच. चांभार, लोहार, शेतकरी यांचं काम वेगळं आणि पाद्र्याचं काम वेगळं, पण दर्जा एक. त्यावर आमच्या बिशपांच्या ट्रेंटमधल्या परिषदेनं १५६३ मध्ये उत्तर दिलं ते दीक्षित याजकपणाची बाजू राखणारं. भांडणात होतं तसं झालं. त्यांनी एक टोक धरलं, आम्ही दुसरं. पुढची चारशे वर्षं आमच्या लोकांना ‘तुम्हीही याजक आहात’ हे कुणी मोठ्यानं सांगितलं नाही. माझ्या आजीला तुम्ही तसं म्हणाला असता तर तिनं कानांवर हात ठेवले असते.

१९६४ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं हे बोलून दाखवलं. चर्चविषयक दस्तऐवजाच्या दहाव्या परिच्छेदात दोन याजकपणं सांगितली आहेत: सगळ्या श्रद्धावंतांचं सामाईक आणि दीक्षित सेवकांचं. दोन्ही ख्रिस्ताच्या एकाच याजकपणात वाटेकरी. पण दोहोंतला फरक नुसता कमीजास्तपणाचा नाही, प्रकाराचा आहे. तुम्हाला हे वाक्य खटकेल, अनेकांना खटकतं. मला ते उलट्या बाजूनं समजलं. फरक कमीजास्तपणाचा असता तर फादर म्हणजे जास्त ख्रिस्ती, वरच्या इयत्तेतला ख्रिस्ती, असा अर्थ झाला असता, आणि तुम्ही म्हणता ती ‘वेगळी जात’ तिथेच तयार झाली असती. प्रकाराचा फरक म्हणजे मी तुमच्यापेक्षा वर नाही. माझं काम तुमच्या कामासाठी आहे. माणसं आपलं आयुष्य देवाला वाहतात, ते खरं याजकपण. ते त्यांना वाहता यावं म्हणून दीक्षितांची सेवा. हिप्पोचे बिशप ऑगस्टीन आपल्या लोकांना म्हणाले होते की तुमच्यासाठी मी बिशप आहे, तुमच्यासोबत मी ख्रिस्ती आहे. पहिल्याची मला धास्ती वाटते, दुसऱ्याचा दिलासा.

आमच्या वसईचंच उदाहरण घ्या. इथला संत कोण? गोन्सालो गार्सिया. १५९७ च्या ५ फेब्रुवारीला जपानात नागासाकीच्या टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसांवर चढवून भाल्यांनी मारलं, त्यांतला एक. १८६२ मध्ये त्याला संत म्हणून घोषित केलं. पण तो फादर नव्हता! फ्रान्सिस्कन संघातला साधा ब्रदर. त्याआधी व्यापार केलेला, जपानी उत्तम बोलणारा, म्हणून दुभाष्याचं काम त्याच्याकडे. त्यानं आयुष्यात एकही मिस्सा अर्पण केली नाही. त्या टेकडीवर त्यानं जे अर्पण केलं त्याला तुमचा पेत्र याजकपणच म्हणेल. आम्ही वसईकर त्याची मिरवणूक काढतो आणि घरी येऊन म्हणतो, चर्चचं काम फादरांचं.

तरी आपला मतभेद उरतो, तो मी गोड बोलून झाकत नाही. पाळकसाहेबांना मंडळी बोलावते आणि नेमते. ते पद सोडून उद्या शाळेत शिकवायला गेले तर पाळक राहत नाहीत, आणि तुमच्या शिकवणीप्रमाणे त्यात काही बिघडत नाही. आमच्यात हात ठेवल्यानं आत्म्यावर ठसा उमटतो आणि तो पुसता येत नाही अशी श्रद्धा आहे. मध्यस्थ एकच, हे आम्हीही म्हणतो. तो एक आजही माणसांच्या हातांनी भाकर मोडतो, एवढं आम्ही त्याला जोडतो. बाकी ‘कोणाला पिता म्हणू नका’ हे मत्तयातलं वचन तुम्ही पत्राच्या शेवटी लाल शाईनं लिहिलंत. तिथे माझ्याकडे सफाई नाही. नुसत्या नावानं हाक मारलीत तरी चालेल.

एक वाचिका, गाव छापू नये अशी विनंती: आमचं लग्न लावणाऱ्या आणि मुलीचा बाप्तिस्मा करणाऱ्या फादरांनी पुढे पैशाची अफरातफर केल्याचं उघड झालं. ते आता फादर म्हणून काम करत नाहीत. नात्यातल्या काही जणी टोमणे मारतात की तुमचे संस्कार भ्रष्ट माणसाच्या हातचे. आमचं लग्न खरं आहे का?

बाई, आधी निश्चिंत व्हा. लग्न तर त्यांनी लावलंच नव्हतं. आमच्या लॅटिन परंपरेत विवाहाचा संस्कार नवरा आणि नवरी एकमेकांना देतात. फादर चर्चच्या वतीनं साक्षीला असतो. तुमच्या विवाहाचे याजक तुम्ही दोघं होतात. बाप्तिस्म्याचं म्हणाल तर अडचणीच्या वेळी तो कोणीही देऊ शकतो, स्वतः बाप्तिस्मा न घेतलेला माणूससुद्धा. पाणी हवं, पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाचे शब्द हवेत, आणि चर्च करतं ते करण्याचा हेतू हवा. बाळ जगेल की नाही अशा रात्री हिंदू नर्सबाईंनी दिलेले बाप्तिस्मे मी स्वतः नोंदवहीत चढवले आहेत.

हा प्रश्न सतराशे वर्षांपूर्वी उत्तर आफ्रिकेत फार पेटला होता. ३०३ मध्ये सम्राट डायोक्लेशियनचा छळ सुरू झाला, तेव्हा काही धर्माधिकाऱ्यांनी जिवाच्या भीतीनं पवित्र ग्रंथ शिपायांच्या हवाली केले. छळ संपल्यावर लोक म्हणाले, असल्या माणसाच्या हातची दीक्षा आम्हाला चालणार नाही. कार्थेजमध्ये चर्च उभं चिरलं. डोनातस नावाच्या बिशपावरून त्या गटाला डोनातिस्ट म्हणतात. त्यांचं म्हणणं मनाला पटणारं होतं, म्हणूनच ते शंभरावर वर्षं टिकलं. शुद्ध माणसाच्या हातून शुद्ध संस्कार! ऑगस्टीन यांनी विचारलं, मग मला कधी कळणार की माझा बाप्तिस्मा खरा? फादरच्या पोटातलं पाप मला दिसतं का? पेत्रानं बाप्तिस्मा दिला तर तो ख्रिस्त देतो, आणि येशूला दगा देणाऱ्या यहूदानं दिला तरी तो ख्रिस्तच देतो. त्यांनी दाखला दिला दगडी पाटाचा. पाटातून पाणी वाफ्यांत जातं. दगडात काही उगवत नाही, पण बाग पिकते.

आमच्याकडे वाड्यांमध्ये रहाट होते तेव्हा विहिरीपासून केळीपर्यंत दगडी पाट असत. त्यांत शेवाळ, पालापाचोळा, कधी मेलेला बेडूक. केळीचा लोंगर त्यावरून लहानमोठा होत नसे. मी एकदा भावाशी वाडीच्या बांधावरून कडाकडा भांडून, आईदेखत नको ते बोलून, तसाच मिस्साला उभा राहिलो. हात थरथरत होते. मिस्सा झाल्यावर एक विधवा बाई सॅक्रिस्टीत (चर्चमधल्या फादरांच्या तयारीच्या खोलीत) आली आणि म्हणाली, ‘फादर, आज किती महिन्यांनी मन शांत झालं.’ मला त्या वेळी दगड असल्याची खात्री पटली. संध्याकाळी भावाकडे गेलो.

पण ही शिकवण आम्हा लोकांना पांघरूण म्हणून वापरायला दिलेली नाही, हे ठणकावून सांगतो. पाट फुटका असेल तर वाफ्यात पाणी पोहोचतं म्हणून फुटका ठेवत नाहीत. पैसा खाल्ला तर हिशेब द्यावा आणि पोलिसांनाही द्यावा. लेकराला हात लावला तर त्याहून कडक. ‘अभिषिक्ताला कसं बोलायचं’ म्हणून गप्प बसणाऱ्या माणसांनी चर्चचं जेवढं नुकसान केलं तेवढं टीकाकारांनी केलेलं नाही. तुमचा संस्कार ख्रिस्तानं राखला, त्याचं श्रेय त्या माणसाला जात नाही.

आणि एक. ते गृहस्थ काम करत नसले तरी तो ठसा पुसत नाही असं वर लिहिलं. म्हणून रस्त्यावर कुणी मरणाच्या दारात असेल तर त्याचं पापनिवेदन ऐकून क्षमा देण्याचा अधिकार त्यांना आजही आहे; चर्चचा कायदाच तसा आहे. हे वाचून तुमच्या नात्यातल्या बायका आणखी भडकतील. भडकू द्या.

दहावीतली एक मुलगी, वसई: मी वेदीसेविका आहे. माझा भाऊ पण वेदीसेवक आहे. तो मोठेपणी फादर होऊ शकतो, मी नाही. का?

चर्चचं उत्तर असं की येशूनं बारा प्रेषित निवडले ते पुरुष, आणि ही निवड बदलण्याचा अधिकार चर्च स्वतःकडे आहे असं मानत नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९४ च्या मे महिन्यात हे निक्षून लिहिलं. आणि त्याच वर्षीच्या मार्चमध्ये मुलींना वेदीसेवा करायची मोकळीक रोमहून मिळाली होती, जी तू करतेस. एक दार उघडलं आणि दुसऱ्याला कुलूप लागलं. बाकीची मंडळी वेगळ्या वाटेनं गेली: अँग्लिकन परंपरेत १९४४ मध्ये चीनमध्ये फ्लोरेन्स ली टिम-ओई या बाईंना युद्धाच्या धामधुमीत दीक्षा मिळाली, आणि आपल्या देशातल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रॉटेस्टंट चर्चमध्ये आज बाया पाळक आहेत. आमच्या चर्चमध्ये पुनरुत्थानाची बातमी पहिल्यांदा आणणाऱ्या मरिया मग्दालियेला ‘प्रेषितांची प्रेषित’ म्हणतात आणि २०१६ पासून तिचा दिवस प्रेषितांच्याच दर्जाचा सण म्हणून पाळतात.

मी चर्चची शिकवण मानतो आणि तीच तुला सांगितली. तुझं समाधान झालं असेल असं मला वाटत नाही, आणि झालं नाही म्हणून तू कमी श्रद्धावान ठरत नाहीस. नगरच्या गुरुजींना दिलेलं उत्तर मात्र वाच. ते तुझ्याबद्दलही आहे.

एक आई, विरार: मुलगा इंजिनीअर आहे, चांगली नोकरी आहे, वय पंचवीस. आता म्हणतो सेमिनरीत जायचं. एकुलता एक आहे. मी नाही म्हटलं तर देवाचा कोप होईल का? आणि फादरांना लग्न का करता येत नाही, तेवढं तरी असतं तर!

कोप वगैरे काही होत नाही. लग्नाचं थोडक्यात सांगतो: ब्रह्मचर्य हा लॅटिन चर्चचा नियम आहे, याजकपणाच्या व्याख्येतला भाग नाही. पेत्राला सासू होती, येशूनं तिचा ताप उतरवला. केरळातल्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये लग्न झालेले फादर असतात. आमच्याकडे धर्मगुरूचं लग्न अवैधच ठरेल असं ११३९ मध्ये लॅटरनच्या परिषदेनं पक्कं केलं. नियम बदलायचा की नाही यावर वाद चालू आहे, पण तुमच्या मुलानं त्यावर भरवसा ठेवून जाऊ नये.

माझी आईही नाही म्हणाली होती. आम्ही चार भावंडं होतो, तरी. वडील गेलेले, वाडी बघायला माणूस नाही. ती सात महिने माझ्याशी धड बोलली नाही, जेवण वाढायची तेवढंच. दीक्षेच्या दिवशी बिशपांनी माझ्या तळव्यांना ख्रिस्मा लावला. म्हणजे ऑलिव्हचं तेल आणि त्यात बाल्सम हे सुगंधी द्रव्य. ईस्टरआधीच्या पुण्यसप्ताहात बिशप ते अभिमंत्रित करतात. जुन्या विधीत तेल लावल्यावर हात पांढऱ्या फडक्यानं बांधत आणि ते फडकं आईला देत, ती वारली की शवपेटीत ठेवायला. आमच्या वेळेपर्यंत हात बांधणं गेलं होतं. मी नुसते हात पुसले. पण आमच्या पॅरिशच्या म्हाताऱ्या फादरांनी ते फडकं घडी करून आईच्या हातात दिलं आणि कशासाठी तेही सांगितलं.

तिनं ते नाकाला लावलं आणि विचारलं, ‘हे तेल कुठलं? खोबरेल नाही ना?’ त्या दिवशी ती माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य ते.

फडकं तिनं कधी धुतलं नाही. लुगड्यांच्या ट्रंकेत, लग्नातल्या शालूखाली ठेवलं. २००३ मध्ये ती गेली तेव्हा माझ्या धाकट्या बहिणीनं ते काढलं. तेलाचा डाग पिवळा पडून कडक झाला होता, वास उरला होता तो डांबरगोळ्यांचा. आम्ही ते तिच्या बोटांत जपमाळेसोबत गुंडाळलं.

तुम्ही नाही म्हणायचं असेल तर म्हणा, पण बोलणं बंद करू नका. मुलाला एक वर्ष नोकरी न सोडता थांबायला सांगा, आणि माझ्याकडे पाठवा. मी सोमवारी आणि गुरुवारी संध्याकाळी घरी असतो, पत्ता संपादकांकडे आहे. येताना केळी आणू नका, इथे ती संपत नाहीत.